परत परत तेच पाप होतंय? मग पडल्यानंतरचा पहिला तास सांभाळा

आमच्या प्रार्थना गटात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, की भाऊ, मी कबुली दिली, रडलो, उपास धरला, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि पंधरा दिवसांत परत तिथंच. कुणाचं मोबाईलवर घाणेरडं बघणं, कुणाची रोजची क्वार्टर, कुणाचा सट्टा, कुणाचा राग, जो साहेबासमोर बरोब्बर आवरतो आणि घरी बायकोपोरांवर निघतो. बायकांचं काही वेगळं नसतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. त्यांचेही खोटं बोलून लपवलेले खर्च असतात, चहाड्या असतात, जावेबद्दलचा मत्सर असतो आणि वर लिहिलेलं सगळंही असतं.

हे लिहितोय ते आपल्या ख्रिस्ती माणसांसाठी, मग तुम्ही शरणपूरच्या देवळात जाणारे असा, नाशिकरोडच्या बाळ येशूकडे जाणारे कॅथलिक असा नाहीतर सातपूरला कुणाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या मंडळीतले. उपासनेची पद्धत वेगळी असली तरी सवयीचा त्रास सगळ्यांना सारखाच.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की आपण लढायला जातो ते नेमकं मोहाच्या क्षणी, आणि ती लढायची सगळ्यात वाईट वेळ असते. सवय जगते ती दोन जागांवर. एक म्हणजे मोह येण्याआधीचे एक-दोन तास, आणि दुसरी म्हणजे पडल्यानंतरचा पहिला तास. ही दुसरी जागा जास्त महत्त्वाची आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पडल्यानंतर लगेच

पडल्यावर काय होतं बघा. आधी लाज वाटते. मग मन म्हणतं, आता झालंच आहे, आजचा दिवस तर गेलाच, मग अजून एकदा काय आणि दोनदा काय. म्हणजे एकाचे तीन होतात. मग रविवारी चर्चला जायला तोंड नाही म्हणून "तब्येत बरी नाही". गटातल्या भावाचा फोन आला की कट. बायबल कपाटात. असे आठ-दहा दिवस एकटं काढले की माणूस इतका कोरडा पडतो की त्याला परत तीच सवय हवीशी वाटते, कारण दुसरं काही उरलेलंच नसतं. पापाने जेवढं नुकसान होत नाही तेवढं ह्या लपण्याने होतं, आणि सैतानाला तरी दुसरं काय हवं असतं?

यहूदा आणि पेत्र यांचं शेजारी ठेवून वाचा. दोघं एकाच रात्री पडले. मत्तय २७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की यहूदाला पस्तावा झाला, त्याने तीस नाणी परत नेऊन दिली, मी पाप केलं हेही बोलला. पण बोलला कुणाजवळ, तर मुख्य याजकांजवळ, आणि ते म्हणाले आम्हाला त्याचं काय. तिथून तो एकटा गेला आणि संपला. पेत्राने तीनदा नाकारलं, बाहेर जाऊन खूप रडला, पण पुनरुत्थानाच्या सकाळी बातमी आली तेव्हा तो कुठे होता? बाकीच्यांच्यात होता. योहान २१ मध्ये मासे धरायला गेला तोही एकटा नाही, सातजण होते. आणि प्रभूने किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे-भाकरी तयार ठेवली होती, आधी म्हणाला या, न्याहारी करा, मग विचारलं प्रीती करतोस का, तीनदा, आणि लगेच काम दिलं. तू असं का केलंस हे एकदाही विचारलं नाही. त्याहून मोठी गोष्ट लूक २२:३२ मध्ये आहे, पेत्र पडायच्या आधीच प्रभू त्याला सांगतो की मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे आणि तू परत वळलास की भावांना स्थिर कर. म्हणजे परत येण्याची सोय पडण्याआधीच झालेली होती.

तर त्या तासात करायचं काय. आधी ती जागा सोडा. उठा, लाइट लावा, तोंड धुवा, दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीत जा. मग आवाज काढून, हळू का होईना, प्रभूशी बोला आणि पापाचं नाव घ्या. "प्रभू, माझ्याकडून काही चुकलं असल्यास क्षमा कर" हे पुढाऱ्यांच्या दिलगिरीसारखं झालं, त्यात कबुली नाही. "मी आत्ता हे हे बघितलं", "मी पोराच्या कानाखाली मारली आणि त्याची चूक नव्हती", "मी आईच्या औषधाचे पैसे लावले", असं बोला. १ योहान १:९ मध्ये क्षमेचं वचन आहे ते पाप पदरी घेणाऱ्याला आहे, तिथे किती वेळा याचा आकडा लिहिलेला नाही.

त्यानंतर एका माणसाला मेसेज टाका. एकच शब्द पुरे, "पडलो". हा माणूस कोण हे खाली सांगतो.

आणि त्या रात्री शपथ घेऊ नका. लेकरांची शपथ, बायबलवर हात ठेवून शपथ, यात्रेत मेणबत्ती लावून "पुन्हा हात लावणार नाही" असा नवस, यातलं काहीही नको. यात्रेला जरूर जा, दर्शन घ्या, प्रार्थना करा, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण रागावलेल्या लाजेने घेतलेली शपथ मोडली की पापावर अजून एक पाप चढतं, आणि प्रभूनेच मत्तय ५ मध्ये सांगितलंय की शपथ वाहूच नका, होय तर होय आणि नाही तर नाही. उद्या सकाळचं एक काम ठरवा फक्त, उद्या कामावर डबा घेऊन जाईन आणि संध्याकाळी सरळ घरी येईन, एवढंच.

रविवारी चर्चला जायचंच. प्रभुभोजनाचा प्रश्न बऱ्याच जणांना अडतो, त्यांनी १ करिंथ ११:२८ नीट वाचावं, तिथे माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं असं आहे, परीक्षा करून घरी बसावं असं नाही. कॅथलिक असाल आणि गंभीर पाप असेल तर आधी कन्फेशन, मग कम्युनियन, हा क्रम तुम्हाला माहीतच आहे. आपल्या पॅरिशचे फादर आवाज ओळखतात म्हणून लाज वाटत असेल तर नाशिकरोडवाल्याने शहरात जावं, शहरवाल्याने नाशिकरोडला, पण जावं. कन्फेशनमध्ये ऐकलेलं कुठल्याही कारणाने बाहेर सांगायला फादरांना चर्चच्या कायद्यानेच बंदी आहे.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की एवढी सोपी क्षमा दिली तर माणूस सोकावेल. पौलाला पण लोकांनी हेच विचारलं होतं, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्याच प्रश्नाने सुरू होतो. माझ्या बघण्यात तरी सोकावतो तो लपणारा. लगेच परत येणाऱ्याला दर वेळी उजेडात उभं राहायला लागतं आणि ते काही सुखाचं काम नाही.

मोहाच्या आधीचा वेळ

आता उदाहरण घ्या, एका माणसाचं नाही, असे कितीतरी आहेत. अंबडला सेकंड शिफ्ट रात्री उशिरा सुटते. माणूस बाईकवर सिडकोत घरी येतो, घरात सगळे झोपलेले. ओट्यावर ताटावर ताट झाकून ठेवलेलं, भाजी गार, गरम करायचा कंटाळा. तसाच खायला बसतो, उजवा हात ताटात आणि डाव्या हातात मोबाईल. आधी मॅचचे हायलाइट्स, मग रील्स. जेवण संपतं, बोटांवरचं वरण वाळून जातं, हात धुवायला उठायचं राहतं आणि डावा अंगठा चालूच. मग बिछान्यात, चार्जर उशाशी, लाइट बंद, बायकोकडे पाठ. आणि मग एकदम त्याला मोह दिसतो आणि तो प्रार्थना करतो, प्रभू मला वाचव. तोपर्यंत दीड तास होऊन गेलेला असतो. त्याला वाटतं मोह आत्ता आला, पण तो कंपनीच्या गेटपासून त्याच्याबरोबर बाईकवर बसून आलेला असतो.

दावीदाचं पण असंच. २ शमुवेल ११ चं पहिलंच वाक्य बघा, राजे लढाईला जायच्या दिवसांत दावीद यरुशलेमात राहिला. बथशेबा नंतर येते. आधी काम सोडून घरी बसणं, दुपारची झोप, संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या, हे सगळं येतं.

म्हणून पंधरा दिवस फक्त लिहून काढा. छोटी वही, खिशात मावेल अशी. सवय एकच निवडा, पाच नको. येशूसंघ स्थापन करणारे संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकातच ही पद्धत सांगून ठेवली आहे, एका वेळी एकच दोष धरायचा, दुपारी आणि रात्री मागे वळून बघायचं, जितक्या वेळा पडलो तितके ठिपके रेघेवर द्यायचे, आणि कालच्याशी आज, मागच्या आठवड्याशी हा आठवडा ताडून बघायचा. प्रोटेस्टंट भावांनो, ठिपका द्यायला कॅथलिक असावं लागत नाही. मी त्यात एवढंच वाढवेन की ठिपक्याशेजारी किती वाजले होते, कुठे होतो आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा यातलं काय होतं ते एका शब्दात लिहा. पंधरा दिवसांनी वही उघडली की बहुतेकांना धक्का बसतो, कारण पाप वाटतं तेवढं अचानक येत नाही, त्याचं टाइमटेबल सिटीलिंकच्या बसपेक्षा पक्कं निघतं. पगाराचा दिवस, मेहुण्याचा फोन येऊन गेला की, बायको माहेरी गेली की, उपाशीपोटी सहा वाजता.

भूक आणि थकव्याला हसू नका. एलीया १ राजे १९ मध्ये मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. आपल्यातले काहीजण दारू सोडायची म्हणून कडक उपास धरतात आणि संध्याकाळी रिकाम्या पोटी त्याच गल्लीतून घरी येतात, मग दुसरं काय होणार?

वही बोलायला लागली की मग तोडायचं. इथे भावना नको, सरळ व्यवस्था हवी. वरच्या माणसाने मोबाईल दारातून आत आल्याबरोबर हॉलमधल्या फळीवर ठेवायचा, चार्जरही तिथेच, आणि झोपायच्या खोलीसाठी एक साधं अलार्मचं घड्याळ आणायचं, कारण "अलार्मसाठी मोबाईल लागतो" हे सगळ्यांचं पहिलं कारण असतं. जेवण गरम करायचं, कंटाळा आला तरी. दारूवाल्याने घरी यायचा रस्ता बदलायचा, शॉप लागतच नाही असा, दोन किलोमीटर लांब पडला तरी. सट्टेवाल्याने यूपीआयची लिमिट कमी करायची आणि पगाराचं खातं बायकोच्या किंवा भावाच्या हातात द्यायचं, अभिमान थोडा दुखेल, दुखू द्या. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, पण बंदी आली म्हणून टेलिग्रामवरचा बुकी घरी बसला असं काही नाही, तो नंबर तुम्हालाच डिलीट आणि ब्लॉक करावा लागणार.

शास्त्रात एक गंमत आहे, लक्षात ठेवण्यासारखी. याकोब म्हणतो सैतानाला अडवा, पण तारुण्यातल्या वासनांबद्दल पौल तीमथ्याला सांगतो की पळ. योसेफाने शेवटी पोटीफराच्या बायकोशी चर्चा करत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळाला. तेव्हा मोबाईलसमोर बसून "मी आता मजबूत झालोय का बघू" असलं काही करू नका, उठून बाहेर जा.

रिकामं घर

नुसतं सोडणं टिकत नाही. मत्तय १२ मध्ये अशुद्ध आत्मा निघून गेलेलं घर झाडलेलं असतं, सजवलेलं असतं, पण रिकामं असतं, आणि तो परत येताना सात घेऊन येतो. आपल्याकडे लेंटमध्ये बरोब्बर हे होतं, चाळीस दिवस दारू बंद, मटण बंद, आणि ईस्टरच्या दुपारी सगळं व्याजासकट वसूल.

इफिस ४:२८ बघा पौल कसं सांगतो. चोरी करणाऱ्याने चोरी करू नये, एवढ्यावर थांबत नाही, हाताने काम करावं, आणि तेही कशासाठी तर गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावं म्हणून. म्हणजे सवयीची जागा तिच्या नेमक्या उलट्या गोष्टीने भरायची. क्वार्टरचे पैसे रोज डब्यात टाका आणि महिन्याअखेर कुणाच्या तरी शाळेच्या फीला द्या. ज्याची जीभ चहाडीची त्याने आठवड्यात एकदा आजारी माणसाकडे जाऊन नुसतं ऐकत बसावं. रागीट बापाने रोज संध्याकाळी पोराबरोबर वीस मिनिटं जमिनीवर बसावं, अभ्यासाचा विषय न काढता. पाप ज्या वेळेला येतं तीच वेळ भरायची, पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करण्याने रात्री अकराची वेळ भरत नाही.

वचनाचं पण तसंच. उत्पत्तीपासून सगळं वाचायचा संकल्प करणारे लेवीयापर्यंत थकतात. त्यापेक्षा थोडंच घ्या आणि तोंडपाठ करा. पडल्यानंतरसाठी स्तोत्र ५१, लपवून ठेवलेलं आतून खात असेल तर स्तोत्र ३२, मोहाच्या वेळेसाठी १ करिंथ १०:१३, ज्यात देव निभावायचा मार्गही ठेवतो असं आहे. बाईकवर असाल तर रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन मोठ्याने म्हणा, हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू जात नाही.

योहान १५ मधला द्राक्षवेल नाशिककराला समजावून सांगायची गरज नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. लोकांना घड दिसतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, पण बागायतदाराला माहीत असतं की काडीत घड ठरतो तो खरड छाटणीनंतरच्या उन्हाळ्यात, बागेत बघण्यासारखं काही नसताना. तुमचे बिनमोहाचे दिवस, जेव्हा सगळं ठीक चाललंय म्हणून प्रार्थना, गट, वही सगळं ढिलं पडतं, तेच तुमचे एप्रिल-मे.

तो एक माणूस

याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे. आपण अर्धंच पाळतो, देवाजवळ कबूल करतो आणि एकमेकांपासून लपवतो. जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम केले, त्यात मागच्या भेटीनंतर कुठलं पाप झालं हा प्रश्न प्रत्येकाला दर आठवड्याला विचारायचा होता. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये पाचवी पायरी हीच, देवाजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ आपलं चुकलेलं नेमकं सांगणं.

माणूस निवडताना बघा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. वयाने थोडा मोठा असेल तर बरं. ज्याने स्वतः कशातून तरी बाहेर यायला झगडलेलं आहे असा. दुसऱ्याची गोष्ट तुम्हाला सांगणारा नको, कारण तुमची तो तिसऱ्याला सांगणार. आणि मेहरबानी करून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "अमुक भावासाठी विशेष प्रार्थना करा, त्यांना तो त्रास आहे" असलं टाकू नका. आपल्या समाजात निम्म्या चहाड्या प्रार्थना विनंतीचे कपडे घालून फिरतात.

बायकोला कळलं पाहिजे का? लग्न झालेल्या माणसाने कायमचं लपवू नये असं माझं मत, पण तिला चौकीदार करू नका. रोज रात्री तुमचा मोबाईल तपासणं हे तिचं काम नव्हे, ते त्या भावाचं काम. तिला सांगायचं असेल तर आधी पाळकांशी किंवा त्या भावाशी बोलून, शांत वेळ बघून, आणि तिचा राग पूर्ण ऐकायची तयारी ठेवून.

आणि समोरून "पडलो" असा मेसेज तुम्हाला आला तर? प्रवचन देऊ नका. वचनांची इमेज फॉरवर्ड करू नका. "आत्ता कुठे आहेस, जेवलास का, सकाळी फोन करतो" एवढं लिहा आणि सकाळी खरंच फोन करा. गलती ६:१ मध्ये सौम्य वृत्तीने उभं करा असं म्हणून लगेच पुढे म्हटलंय की स्वतःकडेही लक्ष ठेव, तूही मोहात पडशील.

वेळ लागतो

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण शरणपूर म्हणजे काय होतं हे पोरांना माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वसाहत केली, आणि गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजांच्या आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही होता. पापाच्या गुलामीतून सुटण्याबद्दलचा रोम ६ वाचताना मला नेहमी ही मुलं आठवतात. गलबत पकडलं गेलं त्या दिवशी ती मोकळी झाली, त्यात अर्धवट काही नव्हतं, कागदावर आणि खरोखर मोकळी. पण मालक नसताना जगायचं कसं, हाताला काम, बोलायला भाषा, रात्री न दचकता झोपणं, याला वर्षं गेली असणार. तुम्ही ख्रिस्तात मोकळे आहात हे पहिल्या दिवशीच खरं आहे, आणि तरी शिकायला वेळ लागतो, दोन्ही एकाच वेळी.

जलालपूर, आपल्या नाशिकजवळचं, तिथल्या लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा. सोवळंओवळं आणि जातीची सवय मनातून जायला एवढ्या खणखणीत बाईलाही वेळ लागला. आणि स्वतः पौल रोम ७ मध्ये म्हणतो की जे करू नये असं वाटतं तेच मी करतो. सातवा अध्याय वाचून थांबू नका, आठव्याची पहिली ओळ त्याच दमात वाचा.

म्हणून प्रगती मोजताना "बंद झालं की नाही" एवढंच विचारू नका. पडण्यातलं अंतर वाढलं का, पडल्यावर परत यायला आधी दोन आठवडे लागायचे ते आता दोन तासांवर आलं का, खोटं बोलणं कमी झालं का, हे बघा. वहीत ते दिसतं.

प्रार्थनेबरोबर डॉक्टर

हे ठळकपणे सांगतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने देवाच्या भरवशावर एका रात्रीत घरीच दारू बंद करू नये. अंग थरथरणं, झटके, भ्रम होऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही, शरीराचं काम आहे. सिव्हिलला जा, मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा, त्यांच्या देखरेखीखाली सोडा आणि मग ए.ए.च्या सभेला जाऊन बसा. तंबाखू-गुटख्यासाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. मन फारच खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेलि-मानस १४४१६, रात्रीसुद्धा, मराठीत बोलता येतं.

कुणी सुटकेच्या प्रार्थनेत सांगत असेल की गोळ्या फेकून दे, तुझ्यात आत्मा आहे, तर तिथून शांतपणे निघा. लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, आणि तो पौलाच्या बरोबर फिरत होता.

घरातल्यांसाठी

त्याच्या वतीने कामावर "ताप आलाय" म्हणून फोन करणं बंद करा. सट्ट्याची देणी गुपचूप फेडू नका, फेडायचीच असतील तर सगळा हिशोब कागदावर आल्यावर आणि खातं तुमच्या हातात आल्यावर, तेही ज्याचे पैसे द्यायचेत त्यालाच थेट. शुद्धीवर असताना बोला, पिलेला असताना नाही. पोरांसमोर त्याचं पाप काढून त्याला लाजवू नका, लाजेचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणि मारहाण होत असेल तर आधी घराबाहेर पडा, पोरांना घेऊन माहेरी किंवा मंडळीतल्या कुणाकडे जा. सहन करणं हाच क्रूस असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. तो खरंच बदलतोय का हे लांब राहूनही कळतं, आणि क्षमा लांबूनही करता येते. महिलांसाठी हेल्पलाइन १८१, आणि पोलिस तातडीने हवे असतील तर ११२.